कार्डावरचं अकरावं भोक

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझ्या नावावर या जगात एक गोळी जास्त आहे. ती मी चोरली नाही, मागितली नाही आणि झाडलीही नाही. तरी गेली तीस वर्षं ती मीच झाडली असं सगळे धरून चालले आहेत. कृपया उभे राहू नये. बसूनच ऐकावे.

गोळी पॉइंट बावीसची होती. करंगळीच्या टोकाएवढी, काडतुसासकट म्हटलं तर शेंगदाण्यापेक्षा जरा लांब. एवढ्याशा वस्तूने माझं आणि बाबांचं जे केलं, ते तोफेला जमलं नसतं.

आम्ही नल्लकुंट्याचे. आजोबा कोर्टात सरिश्तेदार, बाबा जमीन-मोजणीच्या कार्यालयात. घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी आणि तिच्यासोबत आलेला एक अलिखित कायदा: आपल्या माणसाला शंकेचा फायदा द्यायचा नाही. परक्याला द्यावा, आपल्याला नाही. बाबा नळावर उभे असले तर आमची घागर शेवटी लागायची. शाळेच्या चित्रकला स्पर्धेला त्यांना परीक्षक बोलावलं, तेव्हा माझ्या चित्राचा कागद त्यांनी वर्गीकरणाच्या आधीच बाजूला काढून ठेवला. चित्रात चारमिनार होता आणि खरं सांगते, मिनार पाच झाले होते. पण तो मुद्दा वेगळा.

रविवारी सकाळी मात्र हे कायदेपंडित वेगळेच असायचे. मलकपेठेच्या पलीकडे एका जुन्या दगडखाणीत आमच्या रायफल क्लबची चांदमारी, म्हणजे नेमबाजीची जागा होती. समोर खडकाचा उंच कडा, त्यापुढे मातीचा ढीग आणि ढिगापुढे लाकडी चौकटींत खोचलेली निशाण्याची कार्डं. बाबा स्वतः बंदूक उचलत नसत. ते निकाल बघायचे. खिशात पितळी कडीचं भिंग, डोक्यावर टोपी. कार्ड उन्हात धरायचे आणि भोकांचे गुण मोजायचे. सगळे त्यांना ‘भिंगवाले साब’ म्हणत. दोन माणसांत भांडण झालं की भिंगवाले साब जे म्हणतील ते शेवटचं.

अकरा वर्षांची असताना मी त्यांच्यामागे स्कूटरवर बसून गेले आणि परत आले ती बिघडूनच.

शिकवायला एक उस्ताद होते. पोलिसातून निवृत्त, मेंदी लावलेली दाढी. त्यांनी पहिले दोन महिने मला एकही गोळी दिली नाही. काथ्याच्या चटईवर पालथं पडायचं, डाव्या दंडाला पट्टा आवळायचा, बंदुकीचा दस्ता खांद्यात रुतवायचा आणि रिकाम्या बंदुकीने काळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. कोपरं सोलली. आईने बाबांचा एक जुना कोट फाडून मला शिवून दिला, कोपरांवर बेगम बाजारातल्या गोणपाटाचे तीन-तीन थर आणि पुढे दोन खिसे. तो घालून मी आरशात पाहिलं तर एखाद्या पोत्याला मुंडकं फुटल्यासारखं दिसत होतं. मला तो राजवस्त्र वाटायचा.

“सांस रोको नक्को, बेटा,” उस्ताद म्हणायचे. “सांस कू भूल जाओ.”

“भूलूं तो मर जाऊंगी ना, उस्ताद.”

“गोली जाने के बाद मरो. पहले नक्को.”

आणि मग एके दिवशी ते जमलं. श्वास अर्धा सोडला आणि तिथेच राहिला. बंदुकीवरच्या नेमाच्या छिद्रातून दिसणारा काळा ठिपका हलायचा थांबला. चाप मी ओढला असं झालंच नाही. तो आपोआप सुटला. ‘टप्’ एवढाच आवाज. लोकांना वाटतं बंदूक म्हणजे दणका. ही छोटी बंदूक म्हणजे कुणीतरी पाटीवर पेन्सिल मोडावी तसा आवाज. कार्ड आलं. ठिपक्याच्या मधोमध भोक. मी ते डोळ्याला लावून त्यातून उस्तादांची दाढी पाहिली. त्या सुखाला मी आजवर नाव शोधते आहे. लग्न झालं, दोन मुलं झाली, प्रमोशन मिळालं. त्या भोकाची सर कशालाच आली नाही.

परतताना स्कूटरवर बाबा मला भोकं वाचायला शिकवायचे. आपली देशी काडतुसं तेलकट आणि धुरकट. त्यांच्या भोकाभोवती काळं कडं उठतं, काजळाच्या बोटासारखं. कड्यावरून बंदूक साफ होती की नाही तेही कळतं. “कागद खोटं बोलत नाही,” ते वाऱ्यात ओरडायचे आणि मी पाठीमागून ओरडायची, “हौ!” घरी ते असं बोलत नसत. चार वर्षं दर रविवारी हा माणूस फक्त माझा होता.

मग देशाचा बाजार उघडला. आमच्या गल्लीत केबल आली, परदेशी थंड पेयाचे फलक लागले आणि चांदमारीवर एका कंत्राटदाराचा मुलगा आला. माझ्याच वयाचा. त्याच्याकडे जर्मन रायफल होती, तिला स्वतःची मखमली पेटी होती आणि त्या मखमलीत त्याची काडतुसंही होती, बाहेरून आणलेली, प्लास्टिकच्या डबीत ओळीने बसवलेली. त्या काडतुसांना तेल नाही, धूर नाही. मुलगा तसा वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी त्याने मला ती रायफल हातात दिली. मी वास घेऊन परत केली. उस्ताद म्हणाले, “ये तो दुल्हन है. अपनी वाली नौकरानी है, मगर घर वोईच चलाती.”

मी पंधराची झाले तेव्हा क्लबचा ज्युनियर संघ बंगलोरला जायचा होता. तीन जागा भरल्या, चौथी राहिली. त्या एका जागेसाठी मी आणि तो. दहा-दहा गोळ्या, शेजारी-शेजारी पालथे पडून. आता या खेळात एक गंमत आहे. कार्डं एका ओळीत असतात, सारखी दिसतात आणि घाबरलेला माणूस एखादी गोळी शेजाऱ्याच्या कार्डावर मारून बसतो. मोठमोठे बसले आहेत. त्याचा नियमही आहे: ती गोळी मारणाऱ्याची फुकट. पण कुणी मारली ते ठरलंच नाही, तर ज्याच्या कार्डावर जास्तीचं भोक असेल त्याचं सगळ्यांत चांगलं भोक बाद.

कार्डं आली. माझ्यावर अकरा भोकं. त्याच्यावर नऊ.

एवढं ऐकून तुम्हाला जे वाटलं तेच मलाही वाटलं. मी हसायलाच लागले. उस्तादही हसले. मुलगा मात्र लालबुंद होऊन म्हणाला, “अंकल, मेरे एक छेद में दो गए. दस में. दोनों दस.”

असं होतं कधीकधी. चांगल्या बंदुकीची दुसरी गोळी पहिल्याच्याच भोकातून जाते. बाबांनी त्याचं कार्ड उन्हात धरलं. “शक्य आहे,” म्हणाले.

मग माझं धरलं. भिंग लावलं. फार वेळ लावलं. निकाल लागेपर्यंत कार्ड मारणाऱ्याला दाखवायचं नाही हा त्यांचा दंडक, म्हणून मी कार्डाची फक्त पाठ पाहत होते आणि भोकांतून पाठीकडे आलेले उजेडाचे ठिपके. अकरा ठिपके.

“तुझ्याकडे अकरावी गोळी कुठून आली?” बाबांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही, हे कुणाला म्हणताहेत.

“उस्तादांनी दहाच दिल्या, बाबा. लाकडी ठोकळ्यात मोजून.”

“साब, खोखे भी दसिच हैं,” उस्ताद माझ्या चटईजवळची रिकामी काडतुसं तळहातावर घेऊन आले. “गिन लो.”

“एखादं घरंगळलं असेल.” बाबांनी टोपी सारखी केली. “आधीच्या रविवारची एखादी खिशात राहिली असेल. खिसे दाखव.”

चांदमारीवर काडतूस खिशात ठेवणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकेक मोजून मिळायचं, एकेक मोजून परत जायचं. खिशात ठेवणारा चोर. वीसेक माणसं होती. मी आईने शिवलेले दोन्ही खिसे उलटे केले. रुमाल, केसांचा चाप आणि अर्धं ग्लुकोज बिस्कीट. बिस्किटाचा चुरा चटईवर पडला. कुणीतरी खोकलं. मुलगा आपल्या मखमलीकडे बघत होता.

बाबांनी माझं एक दस, म्हणजे पुऱ्या दहा गुणांचं भोक, बाद केलं. मी त्र्याण्णव, तो चौऱ्याण्णव. कार्ड घडी न घालता त्यांनी आपल्या फाइलीत ठेवलं. मला दाखवलं नाही. मीही मागितलं नाही. मागितलं तर शंका घेतल्यासारखं झालं असतं आणि आमच्या घरात शंका घेण्याचा अधिकार फक्त वरून खाली वाहायचा.

उस्ताद मला स्कूटरपर्यंत सोडायला आले. “बेटा, तू मारी क्या ग्यारवीं?”

“नहीं, उस्ताद.”

“तो बस. गोली कू मालूम रहता.”

गोळीला माहीत असून मला काय उपयोग! त्या दिवशी स्कूटरवर कुणी ओरडलं नाही.

घरी आईने कोट हातात घेतला, उलटे खिसे पाहिले आणि सगळं विचारून घेतलं. मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “वीस माणसांत पोरीची झडती घेतलीत?”

“माझ्या पोरीची घ्यायची नाही तर कुणाची घ्यायची?” बाबा म्हणाले, आणि पेपर उघडला.

मी चांदमारी सोडली. कुणी सोडायला सांगितलं नाही, कुणी राहायलाही सांगितलं नाही. मुलगा बंगलोरला जाऊन शेवटून दुसरा आला. क्लबातली पोरं रस्त्यात भेटली की ‘ओ ग्यारा गोली!’ अशी हाक मारायची. मीही ओ द्यायची. न दिली तर जास्त हाका मारतात.

आता खरी मौज ऐका. बाबांनी तो किस्सा सांगायला सुरुवात केली. कार्यालयात, बारशात, श्राद्धाच्या पंगतीत. “पोटची पोर, पण सोडली नाही.” ऐकणारे माना डोलवायचे आणि माझ्याकडे कौतुकाने बघायचे, जणू मी देवळापुढचा कापून ठेवलेला बोकड. मला बघायला पाहुणे आले तेव्हा पोह्यांबरोबर तोच किस्सा. माझे होणारे सासरे इतके भारावले की त्यांनी तिथेच होकार दिला. म्हणजे माझं लग्न एका न झाडलेल्या गोळीने जमलं. पुढे मीच तो किस्सा त्यांच्यापेक्षा रंगवून सांगायला लागले, टोपी सारखी करण्यासकट. लोक पोट धरून हसतात. पण हसता हसता मध्येच माझं मलाच वाटायचं, मारली असेल का मी? घाबरून, विसरून? तीस वर्षांत मी बाबांना एकच प्रश्न विचारला नाही: तुम्हाला मी तशी वाटले का? बाकी त्यांनी मला काही दिलं नसतं तरी चाललं असतं. एवढं उत्तर हवं होतं.

गेल्या हिवाळ्यात क्लबाने बाबांचा सत्कार केला. क्लब आता एका वातानुकूलित हॉलमध्ये आहे. गुण यंत्र मोजतं. जुन्या खाणीच्या जागी बारा मजली इमारती आहेत आणि त्या ज्याने बांधल्या तोच क्लबाचा अध्यक्ष. तोच मुलगा. टक्कल पडलंय, हातात चार अंगठ्या आहेत. बाबा चौऱ्याऐंशीचे. हल्ली जे मनात येतं ते तोंडातून निघतं. परवा डॉक्टरला म्हणाले, तुमचे कान फार मोठे आहेत.

अध्यक्षांनी माइक घेऊन किस्सा सांगितला. “सगी बेटी कू नहीं छोड़े साब! आज ऐसे लोगां किधर मिलते?” टाळ्या. मग शाल, श्रीफळ आणि एक काचेची चौकट. चौकटीत माझं कार्ड. आईने बाबांच्या फाइलीतून काढून दिलेलं. का दिलंस म्हणून नंतर विचारलं तर आई म्हणाली, “घरात नको होतं मला ते.”

मलाही मंचावर बोलावलं. मी गेले, असल्या वेळी मी उत्तम हसते. बाबांच्या एका हातात चौकट, दुसऱ्या हातात माइक. त्यांनी माइक काखेत धरला, खिशातून पितळी कडीचं भिंग काढलं आणि चौकट दिव्याखाली धरली. हॉल खदखदून हसला. अध्यक्ष सगळ्यांत मोठ्याने. बाबा एकेका भोकावरून भिंग फिरवत गेले, ओठ हलवत, तसेच, जसे उन्हात उभे राहून मोजायचे. एका भोकावर थांबले. या खेपेला कार्डाची पाठ माझ्याकडे नव्हती. दहा भोकांना काजळाचं कडं होतं.

काखेतला माइक सुरूच होता. बाबा ना माझ्याकडे बघत होते ना अध्यक्षांकडे. एखाद्या फाइलीवर शेरा मारावा तशा आवाजात ते बोलून गेले:

“हे स्वच्छ भोक त्या पोराचं. तेव्हाही दिसलं होतं मला. पण पोरगी माझी होती ना!”