सतरंज्यांचा धक्का

मार्युतनं समुद्रकाठच्या नव्या संग्रहालयाचा आराखडा धक्क्यापासून काढायला घेतला. हेलसिंकीतले लोक उन्हाळ्यात जिथं जुन्या कपड्यांच्या चिंध्या विणून केलेल्या सतरंज्या धुतात तो लाकडी धक्का तिनं जागचा हलवला नाही, उलट संग्रहालयाचं मुख्य दारच त्याच्यासमोर आणून ठेवलं. सतरंजी वाळेपर्यंत लोकांनी आत यावं, कॉफी प्यावी, वाटलं तर चित्रं बघावीत, एवढं साधं तिचं म्हणणं. बाई हट्टी खरी, पण हट्ट कसा गोड!

संचालक राउनिओंना सगळं पसंत पडलं, फक्त धक्का सोडून. दारात ओल्या सतरंज्या कसल्या वाळत घालता, धक्का मागं न्या, नाहीतर काम दुसऱ्याकडे देऊ, असं त्यांनी साफ सांगितलं. मार्युतची आई आउने जन्मभर त्याच धक्क्यावर सतरंज्या धूत आली होती. एकदा येऊन बघा आणि मग काय ते ठरवा, असं मार्युत त्यांना म्हणाली.

शनिवारी ते करड्या सुटात हजर झाले. चार शब्द गोड बोल, असं मार्युतनं आईला बजावलं होतं. पण गोड बोलणं आम्हा फिनिश लोकांच्या रक्तातच नाही, त्याला ती तरी काय करणार? आउनेनं भिजलेल्या सतरंजीचं एक टोक मुकाट्यानं त्यांच्या हातात दिलं. धक्क्यावर जो रिकामा दिसेल त्यानं दुसरं टोक धरायचं, ही आमच्याकडची रीत. या रितीला कुणी नाही म्हणत नाही. राउनिओंनीही टोक धरलं, पण पिळली जायच्या ऐवजी सतरंजी नुसतीच गरगर फिरायला लागली.

"उलटं फिरव रे बाबा. आईनं शिकवलं नाही वाटतं?" आउने म्हणाली.

"शिकवलं होतं," ते म्हणाले. "विसरलो."

साबणाचं पाणी त्यांच्या बुटांत शिरलं. जाताना ते मार्युतला म्हणाले, "धक्का राहू दे." मार्युतला इतका आनंद झाला की ती तिथंच ओल्या फळ्यांवर बसली.

उद्घाटनाला सगळे नटूनथटून आले. राउनिओ मात्र काखेत धुळकट सतरंजीची गुंडाळी घेऊन उगवले आणि फीत तशीच ठेवून सरळ धक्क्यावर गेले.

"आईची आहे," ते म्हणाले. "ती गेल्यापासून माळ्यावर पडून होती. माझे लहानपणचे शर्ट आहेत यात."

धुऊन झाल्यावर मार्युतनं नव्या पोशाखाच्या बाह्या वर सारल्या आणि दुसरं टोक धरलं. बाकावरून आउने बघत होती.

"आता बरोबर पिळतोय," ती म्हणाली.