अंगठ्याचं नख

कपाशीच्या प्लॉटवर क्रॉसिंग करणाऱ्या बाईच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढलेलं असतं. कामच तसं असतं. उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची, तिच्या बुडाशी नख घालायचं आणि एका वळशात पाकळ्या आणि आतले पुंकेसर सोलून काढायचे. उरते ती नाजूक काडी. तिच्यावर लाल कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी काढून नराच्या फुलातली पिवळी भुकटी तिला लावायची आणि देठाला दोरा बांधायचा. त्या बोंडातून संकरित बियाणं मिळतं. नख खोल गेलं तर बोंड मरतं, वरवर फिरलं तर केलेलं वाया जातं.

हे मला वहिनीने शिकवलं. ती लग्न होऊन भोकरदनजवळच्या आमच्या गावी आली तेव्हा मी नववीत होते. माहेरी तिने दोन हंगाम हे काम केलेलं होतं. पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "वन्सं, नख कापू नका. हत्यार हाय ते."

जालन्याला बी.एस्सी. करेपर्यंत मी दर सुट्टीत तिच्याबरोबर ओळीत उभी राहिले. त्याच जोरावर एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत फील्ड सुपरवायझरची नोकरी लागली. कंपनीची मोपेड होती. सकाळी निघायचं, चार गावं फिरायची, ओळीतून चालत पिशव्या तपासायच्या. चुकून राहिलेलं फूल मला लांबून दिसायचं. आमच्या शेतातही कंपनीचा प्लॉट होता आणि तो तपासायला मी जायचे तेव्हा वहिनी बायांना ओरडून सांगायची, "आल्या बघा साहेबीण. पदर बराबर करा, न्हाईतर पदरात पण चूक काढतील."

ती सहा वर्षं. त्यानंतर मला पगार जास्त मिळाला, खुर्ची मिळाली, घर झालं. तरी कुणी विचारलं की कुठली वर्षं परत पाहिजेत, तर मला विचार करावा लागत नाही.

एमबीए करायचं कंपनीच्या शेठनी सुचवलं. कंपनी वाढत होती आणि त्यांना ऑफिसात शिकलेला माणूस पाहिजे होता. "मॅडम, किती दिवस चिखल तुडवणार? औरंगाबादला शनिवार-रविवारचा कोर्स आहे. जल्दी फॉर्म भरा. पुढचं मी बघतो." मी भरला. प्रवेशाच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी हाताकडे लक्ष गेलं. एकच नख लांब, त्यात हिरवट काळी घाण. मी ते कापून टाकलं.

दोन वर्षं सकाळच्या गाडीत बसले. बदनापूर येईपर्यंत केस स्टडी वाचून व्हायची. खोटं कशाला सांगू, मला अभ्यास आवडला. विखुरलेलं काम कागदावर कसं बसवायचं, ते तिथे समजलं. पदवी हातात आल्यावर शेठनी शब्द पाळला. मी प्रॉडक्शन मॅनेजर झाले आणि मोपेड दुसऱ्या मुलीकडे गेली.

मॅनेजर म्हणून पहिल्याच हंगामात मी वेळापत्रक बनवलं. गावं बरीच झाली होती आणि तपासणीची जीप एकच. कुठल्या गावात जीप किती वाजता पोहोचेल आणि तिथल्या बायांनी परागीकरण किती वाजता सुरू करायचं, सगळं एका पानावर. आमच्या गावाला नऊची वेळ आली. खाली माझी सही. शेठनी ते पान भिंतीवर लावलं.

भाद्रपदात आठवडाभर आभाळ भरून राहिलं. ढगाळ दिवशी कपाशीचं फूल उशिरा उमलतं आणि भुकटी ओलसर असते, बोटाला लागतच नाही. दहा-साडेदहापर्यंत थांबावं लागतं. हे मला पंधराव्या वर्षापासून माहीत होतं. पान बनवताना ते एकदाही डोक्यात आलं नाही.

आठ दिवसांनी मोपेडवरच्या नव्या सुपरवायझर मुलीने बातमी आणली की आमच्या प्लॉटवर बारीक बोंडं गळून राहिलीत. मी जीप काढली.

वहिनी ओळीत उभी होती. ओटीत गळालेली बारीक बोंडं गोळा केलेली, प्रत्येकाच्या देठाला तिनेच बांधलेला दोरा.

"वैनी, फूल उमललं नव्हतं ना? दिसत नव्हतं का तुम्हाला?"

"दिसत व्हतं की."

"मग थांबायचं ना."

"त्या पोरीला बोललेच व्हते मी. तिनं कागद दाखवला. खाली तुमची सही." तिने ओटी सावरली. "मंग मी बायांना म्हणलं, आपल्या वन्सं एवढं शिकून आल्यात, काहीतरी नवं निघालं असंल. लावा नऊला."

तिचा आवाज जराही चढला नव्हता. गावातल्या दुसऱ्या दोन प्लॉटवरच्या बायांनी वेळापत्रक सरळ बाजूला ठेवून साडेदहाला काम केलं होतं. त्यांची बोंडं टिकली. जिने माझ्यावर विश्वास ठेवला तिचाच हंगाम गेला.

दुसऱ्या दिवशी मी शेठना म्हटलं, मला परत फील्डवर पाठवा.

ते हसले. "एमबीए झालेल्या बाईला मोपेडवर? लोक काय म्हणतील, कंपनी बुडाली की बाई बुडाली? आणि त्या पोरीला काय सांगू?"

त्या पोरीचं खरं होतं. तिचं काम चांगलं होतं आणि तिला ते सोडायचं नव्हतं. मी केबिनमध्ये गेले, पान काढलं, वेळेचा रकाना खोडून तिथे लिहिलं: फूल उमलल्यावर. जीप कधी पोहोचवायची ते त्याच्यानंतर जुळवायला बसले. ती पद्धत आजही चालू आहे.

पुढच्या हंगामात एका रविवारी मी गावी गेले, सुपरवायझर म्हणून नाही, कामाला. महिनाभर नख राखलं होतं, पण कॉम्प्युटरच्या कळांवर आपटून आठवड्यापूर्वीच तुटलं. तरी ओळीत शिरले. पहिल्या कळीत बोट घातलं तर पाकळ्या फाटल्या, पुंकेसर तसेच राहिले. दुसरीचं बोंडच चेपलं. शेजारच्या बाईने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

वहिनी दोन ओळी ओलांडून आली. माझा अंगठा धरून तिने उलटासुलटा बघितला.

"राहू द्या," ती म्हणाली. "ह्या बोटानं न्हाई व्हायचं आता. तुमी पिशव्या द्या आम्हाला."

मी लाल पिशव्यांचा गठ्ठा घेतला आणि तिच्या मागे चालू लागले. ती कळी सोलायची, हात मागे करायची, मी पिशवी द्यायचे. तिचा वेग तोच होता. दोनदा मला तिला गाठायला जमलं नाही, तेव्हा ती न वळता म्हणाली, "जल्दी, साहेबीण." दिवस मावळेपर्यंत मी तेवढंच काम केलं.

आता हंगामातले माझे रविवार तिथेच जातात. पिशव्या मीच देते.