दुपारनंतर पाणी नाही

हे मी अजून कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळही नाही. तुमच्याजवळ का बोलतेय — माहीत नाही.

पंचवटीत आमची एकच खोली, पत्र्याची. संडास सार्वजनिक, गल्लीच्या पार टोकाला. सासूबाईंनी उभा जन्म बाजारात उकिडवं बसून भाजी विकली. गुडघे त्यातच गेले, आणि म्हातारपणाला हाताशी काही उरलं नाही. नवरा रात्रपाळीला. सासूबाईंना धरून संडासला न्यायची मीच. जरा उशीर झाला की गोधडी ओली. दिवसभर लोकांच्या घरी पोळ्या लाटायच्या आणि घरी येऊन गोधडी धुवायची — त्या वासाची मला किळस यायची. वासाचीच? नाही. त्यांचीच यायची.

म्हणून मी काय केलं? दुपारनंतर त्यांना पाणी देणं बंद केलं. माठ ओट्यावर मागे सरकवला, त्यांचा हात पोचणार नाही असा. भर उन्हाळा, वर तापलेला पत्रा. त्यांनी मागितलं की मी म्हणायचे, "आता कशाला, आई? परत उठावं लागेल." एकदा पाहिलं — माठ पुसायचं ओलं फडकं त्या चोखत होत्या. मी पाहिलं, आणि भाजी चिरत राहिले.

मग त्यांना लघवीला आग व्हायला लागली, ताप भरला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी पाणी पीत नाहीत का?"

मी म्हणाले, "त्यांनाच नको वाटतं."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "हां बाई. मलाच जात नाय पानी."

माझ्यासाठी खोटं बोलल्या. का? घरी परत माझ्याच हातचं खायचं होतं ना.

आता तुम्ही गरिबीला दोष द्याल. एक खोली, लांबचा संडास. मीही स्वतःला हेच समजावत आले. पण त्याच दिवशी नर्सने अंथरुणातच वापरायचं भांडं दिलं होतं — फुकट. सासूबाईंना घरात निजवलं आणि मी ते कचऱ्यात टाकून आले. रोज मलाच रिकामं करावं लागलं असतं.

पाणी नंतरही मोजूनमापूनच दिलं. पावसाळ्याआधी त्या गेल्या. तेराव्याला शेजारच्या बाया म्हणाल्या, सुनेनं लेकीसारखं केलं. मी पदराने डोळे पुसले. आणि ते ऐकायला मला बरं वाटलं.