बदली येईपर्यंत

सुरतेतल्या ज्या छोट्या कंपनीत मी काम करते, तिथे लूमखात्यांसाठी, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांसाठी, कामाचं नियोजन करणारा प्रोग्राम बनतो. कुठल्या मशीनवर कोणता कारीगर, कुणाची सुट्टी कधी, हे तो स्वतः ठरवतो. त्याला नियम द्यावे लागतात ते काळाच्या तर्कशास्त्रात. ‘नेहमी’, ‘कधीतरी’, ‘तोपर्यंत’ हे आपले रोजचे ढिले शब्द तिथे काटेकोर होतात. मला हे काम आवडतं. घरी कुणीच काटेकोर बोलत नाही म्हणूनही असेल.

पहिला नियम मी कुणालाही न विचारता लिहिला. बदली कारीगर येईपर्यंत मशीन सोडायचं नाही. सुरतेच्या गोडादऱ्यात, कारीगरांच्या आमच्या गल्लीतल्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, धुळ्याकडून आले तेव्हापासून हाच नियम पाळत आलेत. चालू मशीन दुसऱ्याच्या हाती दिल्याशिवाय ते खात्यातून पाय काढत नाहीत.

त्या दिवसांत त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकत चालला होता. डावा आधीच अधू. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन आता लांबवू नका. तुटलेला धागा ते बोटांनी चाचपून शोधत आणि आम्हाला कळत नाही असं समजत. मी विषय काढला की उत्तर ठरलेलं.

“बदली उना का जासू.” बदली आला की जाईन.

खात्याच्या सेठला बदलीचं विचारलं की तो गोड हसायचा. “शोधीए छीए, काका. मळी जशे.” शोधतोय, मिळून जाईल. मला त्या हसण्याचा संताप यायचा. त्याहून जास्त दादांचा, कारण ते त्यावर विश्वास ठेवायचे.

प्रोग्रामच्या चाचणीत मी एकदा मुद्दाम असं धरलं की एका कारीगराचा बदली येतच नाही. पडद्यावर योजना उमटली. बाकीच्यांच्या ओळींत कामाचे निळे चौकोन, मध्ये सुट्टीचे पांढरे. या एकाच्या ओळीत निळेच निळे, पार शेवटपर्यंत. मी शेजारच्या सहकाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, “यात चूक काय? सगळे नियम पाळलेत.”

खरंच पाळले होते. ‘तोपर्यंत’चे या तर्कशास्त्रात दोन प्रकार आहेत. एकात ज्याची वाट पाहायची ते येणारच, अशी हमी असते. दुसऱ्यात ती नसते. आलं नाही तर वाट पाहणं संपतच नाही. मी दुसरा वापरला होता, कारण बदलीचं येणं प्रोग्रामच्या हातात नाही, आणि जे आपल्या हातात नाही त्याची हमी लिहिता येत नाही. मी त्या निळ्या ओळीकडे पाहत बसले. रडू येईल असं वाटलं, म्हणून चहा प्यायला उठले.

मग नियमात भर घातली. ठरल्या वेळेत बदली आला नाही, तर मशीन थांबवायचं आणि माणूस सोडायचा. सहकारी म्हणाला, बंद मशीन बघून गिऱ्हाईक चिडेल. म्हटलं, चिडू दे.

रविवारी लॅपटॉप घरी आणून ती जुनी योजना दादांपुढे ठेवली. त्यांनी नाक जवळजवळ पडद्याला टेकवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून सरकवत नेलं. बोट कडेला पोहोचलं तेव्हा विचारलं, “या माणूसले घर नही का?”

“शे ना,” मी म्हणाले. “गोडादरामा.”

 ते पुटपुटले, “मशीन बंद करीसन कोणी घर जास का?” दुसऱ्या दिवशी सेठला त्यांनी स्वतःच सांगितलं, शनिवारपर्यंत थांबतो. ऑपरेशन रविवारी सकाळी ठरलं.

शनिवारी पाळी संपताना मी त्यांना आणायला खात्यात गेले. बदली आला नव्हता. दादा दरवाजाकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. मग एकेक करून आपली मशीनं त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केली. आजूबाजूचे कारीगर वळून पाहू लागले. शेवटच्या मशीनवरून त्यांनी सवयीने फडकं फिरवलं, ते तिथेच ठेवलं आणि माझा हात धरला.

“चाल बेटा,” ते म्हणाले. त्या खात्यात मशीनांच्या खडखडाटामुळे माझ्याशी ते कायम ओरडूनच बोलत आले होते. त्या दिवशी, थांबलेल्या मशीनांच्या त्या कोपऱ्यात, त्यांना ओरडावं लागलं नाही.