स्टॉप भरतीपाडा

पंखे दुरुस्त करणारे ते काका रोज संध्याकाळी आमच्या बसला असतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. नेरूळला चढतात, हत्यारांची पिशवी मांडीवर घेतात आणि सांगतात, "भरतीपाडा एक."

"असा स्टॉप नाही, काका. सेक्टर बोला," कंडक्टर म्हणायचा.

"सेक्टर काल आला. पाडा माझ्या आज्याच्या आज्याचा हाय."

खाडीकाठची ती तीसेक घरं टॉवरांच्या मागे दडलीत आणि स्टॉपच्या पाटीवर नुसता नंबर आहे. काका शेजारच्याला सांगत बसतात, इथं मिठागर होतं, एकदा बांध फुटला तेव्हा बायांनी घरांची दारं काढून पाणी अडवलं. स्टॉप आला की स्वतःच ओरडतात, "भरतीपाडा!" सुरुवातीला मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. मग हळूहळू आम्हीही तेच नाव घेऊ लागलो.

गेल्या महिन्यात एक म्हातारी चढली. मुलाच्या नोकरीपायी वीस वर्षं नागपूरला राहून माहेरी निघालेली. तिनं भरतीपाड्याचं तिकीट मागितलं. नवी कंडक्टर मुलगी मशीनमध्ये शोधत राहिली, तसा म्हातारीचा चेहरा उतरला.

"पाडा उठला का काय गो?"

"आहे ना, आजी! पुढंच आहे!" अर्धी बस एकदम ओरडली.

या वेळी काकांना ओरडावं लागलं नाही. डोळे पुसून ते उठले, तिचं बोचकं खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "कोनाची पोर गो तू?"

सत्तरीतली ती म्हातारी चक्क लाजली.