बाद झालेला खोकला

"पुढची क्लिप," सर म्हणाले, आणि मी बटण दाबलं.

सभागृह गच्च भरलं होतं. पुढच्या दोन रांगांत डॉक्टर, त्यांच्या मागे इंजिनिअरिंगचे प्राध्यापक, मग कॉलेजची मुलंमुली. सोलापुरात असले कार्यक्रम रोज होत नाहीत. मागे भलामोठा फलक, त्यावर तंत्रज्ञान, शिक्षण आणि वैद्यक असे तीन शब्द एका ओळीत. मी स्टेजच्या कोपऱ्यात लॅपटॉपपाशी, एका स्टुलावर. प्रकल्प सहायक. क्लिप्स सरांनीच निवडलेल्या, मी आधी ऐकल्या नव्हत्या. सर 'पुढची' म्हणाले की बटण दाबायचं, एवढंच माझं त्या दिवसाचं काम.

सरांचं संशोधन खोकल्यावर. माणूस फोनसमोर खोकतो, फोन आवाज टिपून घेतो आणि छातीत काय बिघडलंय ते संगणक सांगतो. पण संगणकाला ते आधी शिकवावं लागतं. त्यासाठी ढिगानं खोकले लागतात, नाना प्रकारच्या माणसांचे. ते आम्ही गोळा करत होतो. दोन चांगले नमुने वाजवून झाले. लोकांनी माना डोलावल्या. मग सर हसत म्हणाले, "आता एक खराब नमुनाही ऐका. फील्डवर आम्हाला काय काय सोसावं लागतं ते कळेल."

मी बटण दाबलं. चारी कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून एक बाई बोलली.

"थांबा वो सायेब. त्वांड तिकडं करते. तुमच्या अंगावर उडंल की."

मग खोकला. पदर तोंडावर दाबून काढलेला, लांबतच गेलेला, शेवटी घुसमटलेला. मग थोडी शांतता. आणि परत तीच बाई, धापा टाकत:

"आलं का चांगलं? न्हायतर परत खोकते."

सभागृह हसलं. खो खो हसलं. मागची मुलं तर बाकांवर हात आपटत होती. सरांना रंग चढला. "आता या मावशींना कोण सांगणार, मोबाईलला सर्दी होत नाही म्हणून!" आणि मग नक्कल. मान वाकडी करून, शेवटचा 'की' लांबवून, "अंगावर उडंल कीऽऽ!" पुन्हा हशा. पहिल्या रांगेतले एक डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "सर, परत एकदा लावा ना."

"लावा," सर म्हणाले. माझ्याकडे न बघता.

तो माझ्या आईचा आवाज होता.

आई जाऊन तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं. तिचा आवाज घरात कुठंच नव्हता. आमच्याकडे तिचे दोन फोटो आहेत, एक लग्नातला आणि एक रेशन कार्डासाठी काढलेला. आवाज कुणी कशाला ठेवतंय? ती बोलतच असायची, दिवसभर. ती गप्प होईल असं वाटलंच नव्हतं. आणि आता अचानक, तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात, तिचा आवाज आला. मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद झाला. एक क्षण. आई बोलली म्हणून. आणि त्याच क्षणी लोक हसले. ते दोन्ही माझ्या आत एकदमच शिरलं आणि अजून वेगळं करता आलेलं नाही.

आमचं घराणं मेंढपाळांचं. जिल्ह्याच्या कोरड्या भागातलं. आबानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकली आणि आम्ही शहरात आलो तेव्हा मी शाळेत होते. आबा मार्केट यार्डात हमालीला लागला, आई टॉवेलच्या कारखान्यात. टॉवेल कापायचे, दुमडायचे, झटकायचे. कापसाचे तंतू केसांत, भुवयांत, नाकात. संध्याकाळी आई घरी यायची ती पांढरी होऊनच. आधी दारात उभी राहून अंग झटकायची, मग आत. खोकला तिला कधी लागला ते मला आठवत नाही. तो होताच. घरात चूल पेटते, नळ येतो, तसा आई खोकते.

मग एक दिवस गल्लीत सरांची माणसं आली. समाजमंदिरात टेबल मांडलं. पांढरे कोट, फोन, स्टँड. कारखान्यात काम करणाऱ्या बायांनी यावं, छातीची तपासणी आहे, असं गल्लीभर सांगितलं गेलं. तपासणी. हाच शब्द होता. मी ऐकलाय.

आईनं त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसलं. डोक्याला तेल, कपाळाला ठसठशीत कुंकू. आमच्या शेजारी नरसम्मा राहते, आईबरोबर त्याच कारखान्यात कामाला. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. ती दारातूनच ओरडली, "काय वं, येवढं नटून कुटं? खोकायला?" दोघी पोट धरधरून हसल्या. हसता हसता दोघींना खोकल्याची उबळ आली, त्यावर आणखी हसल्या. आई म्हणाली, "तितं मोटा डाक्टर हाय म्हनं. आसं गबाळ्यागत जाऊ व्हय?"

पहिला दिवस म्हणून सर स्वतः आले होते. फोन त्यांच्याच हातात होता. मी कॉलेजला गेले होते, त्यामुळे आत काय झालं ते मी बघितलं नाही. आई घरी आली ती खुशीत. "तपासलं की मला. मोबाईलमदी सगळं कळतंय आताशा. रिपोर्ट येनार हाय."

आणि आई वाट बघत बसली.

हे मला नीट सांगायचंय, कारण यातच सगळं आहे. माझी आई अडाणी होती, पण आडमुठी नव्हती. खोकल्यातून रक्ताचा ठिपका आला तेव्हा मी म्हणाले, सरकारी दवाखान्यात चल. ती म्हणाली, "आगं, येकदा तपासलंय की. मोट्या डाक्टरनं तपासलंय. काय आसलं तर सांगतील. तेंच्याकडनं निरोप यायच्या आत दुसऱ्या दवाखान्यात गेलं तर बरं दिसतंय का?" तिला वाटत होतं, आपण एका डॉक्टरच्या हाताखाली आहोत. दुसरीकडे जाणं म्हणजे त्याचा अपमान. दारात मोटारसायकल थांबली की ती मान वर करायची. मी भांडले. रडले. आबानंही सांगून बघितलं. शेवटी नेलं तेव्हा ती जिना चढू शकत नव्हती. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी छातीचा एक्स-रे बघितला आणि मला बाहेर बोलावून विचारलं, "इतके दिवस कुठं होता?"

काय सांगणार? रिपोर्टची वाट बघत होतो.

आई गेली. तरी मला त्या संशोधनाचा राग आला नव्हता. उलट मला वाटलं, अशी सोय आधी असती तर आई वाचली असती. बी.एस्सी. झाले आणि जाहिरात बघून सरांकडे गेले. मुलाखतीत सांगितलंसुद्धा, "सर, माझ्या आईचाही खोकला तुम्ही घेतला होता." सर कागदावरून नजर न काढता म्हणाले, "छान, छान." मला नोकरी मिळाली. मी अक्कलकोटकडच्या गावांत फिरले, दुधनीपर्यंत गेले, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हाताऱ्यांना खोकायला लावलं. लोक चहा पाजायचे. मी मनापासून काम करत होते. आईसाठी करतेय असं वाटायचं.

आता त्या स्टुलावर, हशा चालू असताना, मला कळलं. आईनं तोंड वळवलं होतं. पदर लावला होता. म्हणून आवाज नीट आला नाही. म्हणून तो नमुना खराब. म्हणून बाद. बाद झालेले नमुने एका फोल्डरमध्ये टाकतात आणि ते संगणकाला ऐकवत नाहीत. डॉक्टरलाही ऐकवत नाहीत. कुणालाच नाही. आई ज्या रिपोर्टची वाट बघत होती तो कुणी लिहायलाच घेतला नव्हता.

"अहो, लावा ना," सर पुन्हा म्हणाले. या वेळी त्यांनी वळून बघितलं.

"न्हाय लावत," मी म्हणाले.

कॉलेजात पाच वर्षं मी घासून पुसून ठेवलेली भाषा एका झटक्यात गेली. तोंडातून घरचंच निघालं. मी उभी राहिले. माईक माझ्याजवळ नव्हता, पण आवाज सगळीकडे गेला असावा, कारण मागचं हसणं थांबलं.

"ती माजी आई हाय. आणि तिला मोबाईलची काळजी न्हवती, सर. फोन तुमच्या हातात हुता. तुमच्या अंगावर उडंल म्हनून तिनं त्वांड वळवलं."

 ज्या डॉक्टरांनी डोळे पुसले होते ते चष्मा घालायचं विसरले. मी लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला. स्टेजवरून उतरले. मधल्या वाटेनं दारापर्यंत चालत गेले. ती वाट फार लांब होती.

सरांनी दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचंय. चहा मागवला. आवाज मऊ होता.

"तुझी आई होती हे मला काय माहीत? सांगायचं ना."

"सांगितलं होतं, सर."

त्यांना आठवत नव्हतं. म्हणाले, "सॉरी. ती क्लिप मी काढून टाकतो."

मी विचारलं, "दुसऱ्या कुणाची आई असती तर ठेवली असती का?"

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मी विचारलं, "तो खोकला कुणी ऐकला होता का? डॉक्टर म्हणून?"

"बाद झालेले नमुने पुढे जात नाहीत. तशी पद्धतच आहे."

"तिला तसं कळवलं होतं का?"

"प्रत्येकाला कळवणं शक्य नसतं गं. हे संशोधन आहे, दवाखाना नाही."

मग ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले की माझ्यात हुशारी आहे, पीएच.डी.ला ते मला घेणारच होते, येत्या शोधनिबंधात माझं नाव टाकतील. फक्त सभागृहातल्या प्रकाराबद्दल दोन ओळी लिहून द्यायच्या. भावनेच्या भरात झालं, असं. मला ती जागा हवी होती. फार हवी होती. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली, आणि पुढची पायरी समोर होती. चहा निवत होता. मी बघत राहिले आणि मला सारखं वाटत होतं, मी सही केली तर आई परत एकदा बाद होईल. आणि या वेळी ते मी केलेलं असेल.

"लिहून देणार न्हाय," मी म्हणाले. "मला माझ्या आईचा आवाज द्या."

"नियमात बसत नाही. ती प्रकल्पाची मालमत्ता आहे."

लॅपटॉप माझ्याच पिशवीत होता. एका मिनिटात क्लिप कॉपी करून घेता आली असती. मी तो टेबलावर ठेवला, नोकरीही तिथंच सोडली. चोरून न्यायला ती काय परक्याची वस्तू होती? मी हक्कानं मागितलीय. अजून मागतेय. संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या कमिटीकडे मागितलीय, पुढे आणखी वर मागेन.

घरी येऊन आबाला सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून बसला होता. हसले, नक्कल केली, नोकरी सुटली, यातलं काही त्याच्या कानात शिरलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, "काय बोलली ती?"

मी सांगितलं. थांबा वो सायेब. त्वांड तिकडं करते.

आबा म्हणाला, "आजून येकदा म्हन."

मी परत म्हणाले. मग तो तोंडावर गमछा घेऊन रडला, आणि आई गेल्यापासून मी पहिल्यांदाच त्याला रडताना बघितलं.

सकाळी मी नरसम्माकडे गेले. ती कारखान्याला निघाली होती. तिनंही त्या दिवशी समाजमंदिरात खोकून दिलं होतं, आईच्या मागोमाग, तसाच पदर लावून. मी विचारलं, "मावशी, परवापासनं छातीत दुखतंय म्हनत हुता. दवाखान्यात का जात न्हाई?"

"रिपोर्ट येनार हाय की वं," नरसम्मा म्हणाली. "तपासलंय ना तेनी."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले.  मग सांगितलं, "मावशी, रिपोर्ट येनार न्हाय. तुमाला कुणीच तपासलेलं न्हाय. आत्ता चला माझ्यासंगं."

तिला नेलं. तिच्यावर उपचार चालू आहेत. उशीर झालाय, पण आईइतका नाही.

त्यानंतर मी थांबले नाही. आता सकाळी शिकवण्या घेते आणि दुपारनंतर पेठांमधून फिरते. शुक्रवार पेठेत जाऊन आले, जुन्या गिरणीजवळच्या चाळी झाल्या. ओळखपत्र नाही, पांढरा कोट नाही. दारात उभी राहून एकच विचारते, फोनवर खोकला घेऊन गेले होते का? व्हय, म्हणतात. रिपोर्टची वाट बघताय का? व्हय की, म्हणतात.  मग मी त्यांना खरं सांगते. काही जणी माझ्यावरच चिडतात. एवढा मोठा डॉक्टर खोटं बोलंल व्हय, म्हणतात. मी दुसऱ्या दिवशी परत जाते.

सरांचा फोन आला होता. मी लोकांना भडकवतेय, यामुळे संशोधनाचं नुकसान होतंय, म्हणाले. मला विज्ञानाशी भांडायचं नाही, सर. मी ते शिकणार आहे, तुमच्या सहीशिवाय, जिथं मिळेल तिथं. पण हे लक्षात ठेवा. पुढच्या वेळी तुमची माणसं आमच्या गल्लीत येतील तेव्हा दारात मी उभी असेन. आधी सांगायचं, ऐकणार कोण, आणि ऐकलेलं आम्हाला येऊन सांगणार कोण. नाव सांगायचं, तोंडावर सांगायचं. ते कळल्याशिवाय आमच्या गल्लीतली एकही बाई तुमच्यासाठी खोकणार नाही.