झेंडूचा मोर आणि माझं एक्स्पोजर

दोन फोटो शेजारी ठेवून मी मल्लूअण्णांना म्हणाले, "बघा, या रेश्माचा किती अंधारा आलाय."

मल्लूअण्णा आमच्या सोलापुरातले फुलांचे डेकोरेटर. दरवर्षी ते आपल्या कामाचा अल्बम छापतात आणि लग्नघरी तोच दाखवतात. अल्बममध्ये फोटो ज्याचे, त्यालाच पुढे लग्नांची कामं मिळतात. बारा वर्षं त्यातले फोटो मी काढले. यंदा त्यांनी हळदीच्या डेकोरेशनमधला झेंडूचा मोर टिपायला मलाही बोलावलं आणि रेश्मालाही. रेश्मा माझ्याकडेच कॅमेरा धरायला शिकली. मग चादरींच्या कॅटलॉगच्या कामाला गेली. चादरींचे फोटो काय काढायचे, असं तेव्हा मी तिला तोंडावर म्हणाले होते.

अण्णांनी चष्मा लावला. "अंधार कुटं हाय, ताई? मोराचा पिसारा मोजा की. सात ओळी दिसत्यात. आता तुमच्यात मोजा."

माझ्या फोटोत मोजण्यासारखं काहीच नव्हतं.

"चौघं जण सकाळपास्नं ओवत बसलो हुतो. तुमच्या फोटोत निस्ता केशरी गालिचा!"

"माझा उजळ तरी आहे," मी म्हटलं.

"उजळ लई हाय. मोर न्हाय."

जुळे सोलापूर भागातल्या घरी आले ती धुमसतच. रेश्माच्या फोटोत खोट काढायची म्हणून तो अण्णांकडून मागवून कम्प्युटरवर मोठा करून पाहिला. पाकळीची कडन्‌कड वेगळी. माझा मोठा केला, तर सपाट केशरी. उजेड कमी करून पाहिला. गालिचा नुसता काळपट झाला.

कॅमेऱ्यात हिस्टोग्राम नावाचा आलेख असतो. फोटोत उजेड किती आणि कुठे, ते तो सांगतो. मी नेहमी सगळ्या रंगांचा मिळून एकच आलेख बघायचे. त्यात सगळं ठीक होतं. लाल, हिरवा, निळा असे वेगळे आलेख उघडले, तर लाल उजव्या, म्हणजे जास्त उजेडाच्या टोकाला जाऊन आपटलेला. झेंडूत लाल भरपूर असतो. तो उतू गेला की तिथे ना सावली उरते, ना कड. फक्त रंग उरतो.

आणि तो उतू का गेला? माझा कॅमेरा कायम थोडा जास्त उजेडावर ठेवलेला असतो. वीस वर्षं प्रत्येक लग्नात कुणीतरी मावशी येऊन सांगते, "नवरी गोरी दिसली पाहिजे हं." बोटांना सवयच लागली. मी झेंडूलाही गोरं करत होते.

चार दिवसांनी अण्णांचं दुसरं काम होतं. "मला परत काढू द्या," मी त्यांना म्हणाले. त्यांनी नाही म्हटलं नाही. पण तिथे रेश्मा आधीच ट्रायपॉड लावून उभी.

विचारायचं नव्हतं. विचारलं. "झेंडूला किती ठेवतेस?"

"मायनस वन, मॅडम. लाल आलेख बघून. चादरीचं विणकाम दिसायचं तर असंच करावं लागतं." मग हसून म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात ना, चादरींचे फोटो काय काढायचे!"

मी उजेड एक पायरी खाली घेतला. स्क्रीनवर फोटो अंधारा दिसला आणि बोट परत उजेड वाढवायला गेलं. सवय मोडताना तसंच होतं. पण पाकळ्या आल्या.

अण्णांनी माझे दोन फोटो अल्बमच्या आतल्या पानांवर घेतले. कव्हर रेश्माचं. या सीझनची पहिली तीन लग्नंही तिलाच गेली. पोटात दुखतं, खोटं कशाला सांगू?

नवीन मुलं शिकायला आली की त्यांना दोनच गोष्टी सांगते. लाल-केशरी भडक फूल असलं की लाल आलेख वेगळा बघा. आणि कुणाचा हेवा वाटला, तर त्याचा फोटो पूर्ण झूम करून बघा. दुखायचं ते दुखतंच, पण निदान सेटिंग तरी कळतं.